द्विरुक्त पानांची निवृत्ति

संगणकावर ज्ञानसंग्रह करण्याची चाल आतां इतिहास-संशोधकांतहि पडली आहे. टिपणें, दप्तरांच्या याद्या, कागदांच्या नकला असें साहित्य एके ठिकाणीं सांठवावयाचें, आणि कृत्रिम बुद्धीच्या एजंटानें, म्हणजे प्रश्न घातला असतां आपण होऊन संग्रह चाळून उत्तर सिद्ध करणाऱ्या यंत्र-कारकुनानें, तें वाचावयाचें, असा हा प्रकार आहे. अशा संग्रहांत एकाच विषयाचीं दोन-चार पानें हां हां म्हणतां जमतात. त्यांचें काय करावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आमचें मत आरंभींच सांगतों: द्विरुक्त पान वाचनांतून काढावें, परंतु नष्ट करूं नये.

द्विरुक्तीपासून अपाय दोन. एजंट सबंध संग्रह वाचीत नाहीं. प्रश्नाशीं अर्थानें जवळचे असे ठराविक उतारे, पांच म्हणा किंवा दहा, तो निवडून घेतो. एकाच मजकुराचीं पांच पानें असलीं तर पांचहि जागा तींच अडवितात व उपयुक्त असें सहावें पान बाहेर राहतें. हा पहिला अपाय. दुसरा पोथ्या ताडून पाहणारांस परिचितच आहे. एका मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षी नव्हेत, एकच साक्ष होय. एजंटास हा विवेक बहुधा नसतो. पांच ठिकाणीं आढळलेली चूक त्याला बहुमत वाटते.

मात्र द्विरुक्ति ठरवितांना नामसाम्यावर भिस्त ठेवूं नये. खानदेशचेंच उदाहरण घ्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 12 वा खंड 1880 सालीं निघाला. त्यांत खानदेश हा एकच जिल्हा आहे. 1906 सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांसच जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि 1 जुलै 1998 रोजीं धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. आतां 1974 च्या गॅझेटिअरवरून केलेलें ‘धुळें जिल्हा’ हें पान व आजचें त्याच नांवाचें पान हीं दिसावयास एक. पण पहिल्यांत शहादें, तळोदें, अक्राणी वगैरे तालुके आहेत, दुसऱ्यांत धुळें, साक्री, शिरपूर व शिंदखेडें हे चारच. जुनें पान द्विरुक्त म्हणून काढणें म्हणजे आज नंदुरबारकडे असलेल्या सहा तालुक्यांचा पूर्ववृत्तान्त काढून टाकणें होय. येथें प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्याचा काळ लिहिणें हाच उपाय. जळगांव शहर व बुलढाणा जिल्ह्यांतील जळगांव जामोद यांचें तर नांव तेवढें सारखें, गांवें दोन. उलट ‘धुळें’ व ‘धुलिया’ अशा दोन नांवांखालीं एकाच शहराची तीच माहिती असेल, तर ती खरी द्विरुक्ति. वस्तु एक, काळ एक व आधार एक, हे तिन्ही जुळल्यावांचून पान निवृत्त करूं नये.

हा धडा आम्हांस फुकट मिळालेला नाहीं. पारोळें तालुक्यांतील एका घरीं पाहिलेल्या वतनी महजराचीं दोन टिपणें आमच्या संग्रहांत होतीं. एक त्याच दिवशीं घाईनें केलेलें, दुसरें मागाहून सुवाच्य उतरलेलें. दुसरें आहे म्हणून पहिलें आम्हीं पुसून टाकलें. पुढें साक्षीदारांविषयीं एजंटास विचारलें, तों ‘या महजरास साक्षी नाहींत’ असें निःशंक उत्तर आलें. साक्षीदारांचीं नांवें त्या घाईच्या टिपणांतच होतीं! मूळ कागद पाहण्यास गेलों, तों दप्तर वाळवीनें खाल्लेलें. त्या साक्षी आतां कोठेंहि नाहींत. दोष सर्वस्वी आमचा.

यास्तव पद्धति अशी असावी. दोन्ही पानें ओळीनें ताडून अधिक शुद्ध तें मुख्य ठरवावें. दुसऱ्यांतील अधिक मजकूर, कोठून आला हें नोंदवून, मुख्य पानांत घ्यावा. विरोध असेल तर दोन्ही पाठ द्यावे, मधला पाठ रचूं नये. नंतर जुन्या पानावर ‘अमुक पानांत विलीन’ अशी नोंद, तारीख व कारण लिहून तें एजंटाच्या शोधांतून वगळावें. यंत्र शोधासाठीं आधीं सूची करून ठेवतें, तींतूनहि तें काढावें. नाहीं तर पान गेलें तरी त्याची छाया उत्तरांत येत राहते. जुन्या पानाकडे येणारे दुवे मुख्य पानाकडे वळवावे. 2003 सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांत यास पुनर्निर्देशन म्हणतात. द्विरुक्तीची शंका एजंटानें खुशाल सुचवावी. निकाल मनुष्यानेंच द्यावा.

ही कांहीं नवी युक्ति नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें 1919 सालीं आरंभून 1966 सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति पाहावी. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं घालून दिलेल्या रीतीप्रमाणें, प्रक्षिप्त ठरलेले श्लोक संहितेंतून काढले, पण तारांकित करून तळटीपांत व लांब प्रकरणें परिशिष्टांत राखलीं. संहिता वाचणारास तीं आड येत नाहींत. शोधणारास तीं सांपडतात.

असो. ज्या धुळ्यांत राजवाड्यांच्या पश्चात् 1927 सालीं त्यांच्या नांवें संशोधन मंडळ निघालें, त्या प्रांतांतील संग्राहकांस कागदाची किंमत सांगावयास नको. संगणकांतलें पानहि कागदच आहे, एवढेंच ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंति आहे.