पिल्लाच्या तोंडातली उलथापालथ

बाळांनो, चप्पल कुरतडली म्हणून मनीच्या पिल्लावर ओरडू नका. त्याच्या तोंडात सध्या काय काय चाललंय, ते आधी ऐका.

जन्मतः त्याचं तोंड बोळकं होतं. दोन-तीन आठवड्यांनी दुधाचे दात डोकावले आणि दीड-दोन महिन्यांत सगळे २६ हजर! आता ते झालंय चार महिन्यांचं. आतून पक्के दात वर यायला निघालेत. पण दुधाचे दात उपटतं कोण? कुणीच नाही! शरीरातल्या खास पेशी त्या दाताचं मूळच हळूहळू विरघळवून टाकतात. मूळ गेलं की दात सुटतो आणि पिल्लू बहुतेक वेळा तो जेवता जेवता गिळून टाकतं. म्हणून तर तो आपल्याला सापडत नाही.

आधी पुढचे बारीक दात पडतात, सुळ्यांची पाळी नंतर. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ३० दात होतात, कारण शेवटच्या चार दाढा दुधाच्या दातांत नसतातच. आपल्या दाढा अन्न दळतात. मांजराच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून मांस कापतात.

एवढं सगळं होताना हिरड्या ठणकतात, चावलं की बरं वाटतं. मग चावू द्या की! सुती फडकं भिजवा, गाठ मारा, फ्रीजमध्ये गार करा आणि द्या. फडक्याचे धागे सुटायला लागले की बदला. कोरडा खाऊ पाण्यात भिजवून द्या. आपला हात मात्र खेळायला देऊ नका, ती सवय पक्के दात आल्यावरही राहते.

चार्जरची वायर उचलून ठेवा. आणि आजीचा सुईदोरा, लोकर, राखीचे धागे तर मुळीच नकोत. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, आतच सरकतो. पुढे आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं आणि जिवावर बेततं.

दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो आणि मांजर दगावतं.

रोज एकदा ओठ हळूच उचलून बघा. नवा सुळा वर आलाय आणि जुनाही शेजारी तसाच उभा आहे, असं दिसलं तर मला सांगा. आपण ओढायचा नाही, मूळ तुटून आत राहतं. पशुवैद्य भूल देऊन नीट काढतील.