बदकाची अंडी, खुडूक कोंबडी आणि वाटीभर कोमट पाणी

दोन वर्षांमागं एप्रिलात तलवाड्याच्या एका मावशींनी खुडूक कोंबडीखाली बदकाची १० अंडी बसवली. अंडी गोदाकाठच्या पाहुण्यांकडून आणलेली. बसवायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "कोंबडीसारखंच आहे मावशी, फक्त २१ च्या जागी २८ दिवस धरा." तिसाव्या दिवशी निरोप आला. एकच पिल्लू निघालं होतं. बाकीची फोडून पाहिली तर सहा अंड्यांत पुरी वाढलेली पिल्लं; चोच, लव सगळं झालेलं आणि आतला पापुद्रा कागदासारखा वाळून अंगाला चिकटलेला. मावशी एवढंच म्हणाल्या, "साहेब, सगळं झालं होतं की वो."

चूक माझी होती. पदविकेला असताना कोंबडीपालन मन लावून शिकलो. बदकाचा धडा परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिला होता.

शेतकरी बंधू-भगिनींनो, खाकी कॅम्पबेल किंवा इंडियन रनर ही जास्त अंडी देणारी बदकं स्वतः सहसा अंड्यावर बसत नाहीत. म्हणून खेड्यात कोंबडीचीच मदत घ्यावी लागते. पण जी बदकी अंड्यावर बसते, तिची रीत बघा. ती दिवसातून उठते, पाण्यात जाऊन येते आणि ओल्या पोटानं परत बसते. ती ओल अंड्यांना मिळते. कोंबडी पाण्यात जात नाही, ती मातीत लोळते. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी रोज थोडं थोडं उडतं. थोडं उडायलाच पाहिजे. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते फार उडतं आणि ऐन बाहेर पडायच्या वेळी पिल्लू आत अडकतं. उबवणी यंत्रात उष्णता ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवतात, शेवटचे तीन दिवस ती ७० च्या वर नेतात. घरी हे मोजायचं साधन नाही, म्हणून वाटीभर कोमट पाणी.

टोपल्यात तळाला दोन बोटं ओलसर माती घाला, वर गवत. आठव्या दिवसापासून कोंबडी दाणा खायला उठली की अंड्यांवर हातानं कोमट पाण्याचा हलका शिंतोडा द्या. शेवटचे तीन दिवस दोनदा. गार पाणी नको आणि अंडी भिजवूनही टाकू नका. बदकाचं अंडं मोठं असतं, त्यामुळे एका गावरान कोंबडीखाली आठच्या वर ठेवू नयेत. कोंबडीला ती नीट फिरवता येत नसतील तर दिवसातून दोन-तीनदा आपण उलटावीत. पंचविसाव्या दिवसानंतर मात्र हलवू नका.

हंगामाचंही सांगतो. भादव्यापासून माघापर्यंत बसवा, उन्हाळ्यात नको. उन्हाळ्यात दुसरी एक अडचण आहे, ती लक्षात येत नाही. घरात ठेवलेल्या अंड्याला तिशीच्या वर ऊब लागली की आतला जीव अर्धवट वाढू लागतो आणि कोंबडी बसायच्या आधीच मरतो. अंडी माठाजवळ गारव्याला, निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. आठवड्यापेक्षा जुनी बसवू नयेत. धुऊ तर मुळीच नयेत. आठव्या दिवशी रात्री अंधारात पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत. स्वच्छ उजेड पडला तर ते वांझ, काढून घ्या.

अठ्ठावीस दिवस म्हणजे कोंबडीला आठवडाभर जादा बसणं आलं. ती वाळते. कोंबडी नुकती खुडूक झालेली निवडा, रोज दाणा-पाणी समोर ठेवा, उवा असतील तर आधी बंदोबस्त करा. उवांच्या त्रासानं कोंबडी अंडी सोडून उठते.

कवचाला टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक दिवस, कधी दोन दिवस लागतात. घाई करून कवच सोलू नका, आतल्या शिरा फुटून रक्त जातं.

त्याच मावशींनी सप्टेंबरात पुन्हा आठ अंडी बसवली. मी यावेळी विचारायची वाट न बघता जाऊन आलो. सहा पिल्लं निघाली.

पिल्लांना पहिल्या दिवसापासून पाणी हवं, पण पोहायला नव्हे. चोच आणि डोळे बुडतील एवढं पसरट भांडं, त्यात खडे. कोंबडीखालच्या पिल्लांना बदकीच्या पिसांचं तेल मिळत नाही, ती भिजली की गारठतात. तीन-चार आठवडे डबक्यापासून लांबच ठेवा. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर मोठं बदकही उतार निसरडा असल्यानं वर येऊ शकत नाही. लाकडी फळी किंवा पोत्याची पायरी सोडल्याशिवाय तिकडे जाऊ देऊ नका.

खाद्याबाबत एक गोष्ट मी गावोगाव सांगतो. बुरशी आलेला मका किंवा भुईमुगाची पेंड बदकाला घालू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पिल्लं मेली, बदकाची पिल्लंही मेली. शोध घेतला तेव्हा भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीचं विष सापडलं, त्यालाच अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं नाजूक असतं की पुढे हे विष तपासायला त्याचाच उपयोग होऊ लागला. ढोरांना न चालणारी पेंड "पाखरांना टाकू" म्हणून ठेवतात, ती सवय मोडा. भरडा ओलसर करून द्या आणि शेजारी पाणी ठेवा, कोरडं खाल्लं की घशात अडकतं. पिल्लं लंगडायला लागली, गुडघे सुजले तर बहुधा नायसिन कमी पडतंय. बदकाला ते कोंबडीपेक्षा जास्त लागतं. गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा मिसळा. लसीचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, ते माझं खातं नव्हे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी दोन ओळी. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या. बदकाच्या अंगात हा विषाणू लक्षण न दाखवताही राहू शकतो. कावळे किंवा पाखरं एकाएकी मरू लागली तर मालकानं ग्रामपंचायतीला आणि ग्रामपंचायतीनं जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळवायचं, अशी २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात तरतूद आहे. मेलेलं पाखरू उघड्या हातानं उचलू नका.

पिल्लं दोनेक महिन्यांची झाली की आवाजावरून नर-मादी ओळखता येते. मादी मोठ्यानं ओरडते, नराचा आवाज घोगरा असतो. पाच-सहा माद्यांमागं एक नर पुरे, बाकीचे विका. माद्या साधारण सहाव्या महिन्यात अंड्यावर येतात, आणि बहुतेक अंडी पहाटे देतात. नऊ वाजेपर्यंत खुराड्याचं दार उघडू नका, नाहीतर अंडी कालव्याकाठच्या गवतात शोधत फिरावं लागेल.