सूर्य जळत नाही, मग तापतो कशाने?



मुलांना शिकवताना आपण एक वाक्य अगदी सहज बोलून जातो, "सूर्य म्हणजे आगीचा जळता गोळा." मीही बरीच वर्षे हेच सांगत होतो. एकदा पाचवीच्या वर्गात ज्वलनाला हवा लागते हे दाखवायचं होतं, म्हणून पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घातला. मेणबत्ती विझली, मुलं खूश झाली. दुसऱ्या दिवशी सूर्यमालेचा पाठ होता. माझं नेहमीचं वाक्य ऐकलं आणि मागे बसलेली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, कालची मेणबत्ती तर हवा संपल्यावर विझली. अवकाशात हवाच नाही, मग सूर्य का नाही विझत?"

मला उत्तर आलं नाही. "उद्या सांगतो," एवढंच म्हणालो. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की चूक प्रश्नात नव्हती, माझ्याच वाक्यात होती. सूर्य जळतच नाही! चला तर मग, तिला जे सांगितलं तेच आज थोडं सविस्तर पाहूया.

सूर्य कोळशाचा असता तर?

आधी सूर्य केवढा आहे ते लक्षात घेऊ. त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. म्हणजे १०९ पृथ्व्या एका ओळीत ठेवल्या की सूर्याची रुंदी भरते. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार पट.

आता समजा, हा सगळा गोळा दगडी कोळशाचा आहे आणि त्याला लागेल तेवढा ऑक्सिजनही मिळतोय. आज सूर्य जेवढी ऊर्जा देतो तेवढी देत राहिला, तर हा कोळसा किती दिवस पुरेल? हिशेब केला तर उत्तर येतं सुमारे पाच हजार वर्षे. मोहेंजोदडोच्या विटा रचल्या गेल्या तेव्हा पेटलेला सूर्य आज विझायला आला असता. पण पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडतात. म्हणजे तेव्हाही ऊन होतं. म्हणून कोळसा नाही, लाकूड नाही, कुठलंही जळण नाही.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन या शास्त्रज्ञांनी वेगळा विचार मांडला. सूर्य स्वतःच्या वजनाने हळूहळू आकुंचन पावतो आणि त्यातून उष्णता निघते, असं त्यांचं म्हणणं. त्या हिशेबाने सूर्याचं आयुष्य काही कोटी वर्षांपर्यंत गेलं. पण खडकांचा अभ्यास करणारे म्हणत होते, पृथ्वी याहून कितीतरी जुनी आहे. कोडं सुटलं नाही.

उत्तराचा धागा कुठे मिळाला?

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आपल्या देशात शिरून पुढे गुंटूरकडे गेला. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन थांबले होते. या ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या वायूच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाही, ती रेषा पाहिली. ती तेव्हा माहीत असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. नवं मूलद्रव्य म्हणून त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव मिळालं. पृथ्वीवर तो सापडला पुढे १८९५ साली! आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात, तो याच ग्रहणाची आठवण म्हणून.

पुढे १९२५ साली सेसिलिया पेन यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं की ताऱ्यांमध्ये सर्वांत जास्त हायड्रोजन असतो. सूर्यातही वस्तुमानाने सुमारे ७३ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के हेलियम आहे. बाकी सगळी मूलद्रव्यं मिळून उरलेले दोन टक्के. हायड्रोजनपासून हेलियम बनताना ऊर्जा मिळत असावी, हे एडिंग्टन यांनी १९२० मध्येच सुचवलं होतं. ती प्रक्रिया नेमकी कशी चालते हे १९३९ च्या सुमारास हान्स बेथे यांनी मांडलं. त्यांना १९६७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

गाभ्यात काय चालतं?

सूर्याच्या मध्यभागी तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. वरच्या थरांचा दाब एवढा की तिथला वायू पाण्याच्या १५० पट घन होतो. अशा ठिकाणी हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांवर आदळतात आणि टप्प्याटप्प्याने चार हायड्रोजन केंद्रकांपासून एक हेलियम केंद्रक तयार होतं. याला म्हणतात केंद्रकीय संमीलन. इथे ऑक्सिजनचं काही कामच नाही. म्हणून हवा नसली तरी सूर्य विझत नाही.

आता गंमत पाहा. एक किलो हायड्रोजन वापरला तर हेलियम मिळतो सुमारे ९९३ ग्रॅम. मग ७ ग्रॅम गेले कुठे? त्यांची ऊर्जा झाली. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये सांगितलेलं सूत्र हेच सांगतं. वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणलं की तेवढी ऊर्जा मिळते. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, त्याचाही वर्ग. म्हणून थोड्याशा वस्तुमानातून प्रचंड ऊर्जा निघते.

सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातलं ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेत बदलतं. ऐकून धडकी भरते ना? पण सूर्याला वयाची ४६० कोटी वर्षे झाली, तरी या मार्गाने त्याचं वस्तुमान जेमतेम ०.०३ टक्के घटलंय. अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल एवढा साठा गाभ्यात आहे.

आतून बाहेर : सूर्याचे थर

१. गाभा – केंद्रापासून साधारण पाव त्रिज्येपर्यंत. ऊर्जा तयार होते ती इथेच.

२. प्रारण विभाग – सुमारे ७० टक्के त्रिज्येपर्यंत. इथे ऊर्जा प्रकाशाच्या रूपात पुढे जाते, पण सरळ नाही. कणांवर आपटत, दिशा बदलत, भरल्या जत्रेत वाट काढावी तशी. तिला बाहेर यायला हजारो वर्षे लागतात, काही हिशेबांनुसार लाखभर वर्षेसुद्धा.

३. अभिसरण विभाग – पातेल्यात पाणी उकळताना तळचं गरम पाणी वर येतं आणि वरचं थंड पाणी खाली जातं, अगदी तसंच इथला वायू करतो.

४. दीप्तिगोल – आपल्याला दिसणारा सूर्याचा "पृष्ठभाग". खरं तर तो घट्ट नाही, वायूच आहे. तापमान सुमारे ५५०० अंश. सौरडाग इथेच दिसतात. ते आजूबाजूपेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून काळे वाटतात. त्यांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते.

५. वर्णगोल – त्यावरचा पातळ लालसर थर.

६. किरीट – सर्वांत बाहेरचं विरळ वातावरण, खग्रास ग्रहणात पांढऱ्या तेजासारखं दिसणारं. याचं तापमान दहा लाख अंशांच्याही वर! चुलीपासून लांब गेल्यावर जास्त चटका बसावा, तसा हा प्रकार. असं का होतं, यावर अजून संशोधन चालू आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आपलं आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्याचा अभ्यास करतंय. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने इस्रोसोबत तयार केली आहे बरं का!

सूर्य एकदम फुटत का नाही?

एवढा हायड्रोजन आहे, तर सगळा एकदम का नाही वापरला जात? कारण केंद्रकं जुळणं फार दुर्मीळ आहे. गाभ्यातल्या एका हायड्रोजन केंद्रकाला आपली पाळी येईपर्यंत सरासरी शेकडो कोटी वर्षे थांबावं लागतं. म्हणून गाभ्याच्या एका घनमीटरमध्ये ऊर्जा किती तयार होते? फक्त तीनशे वॅटच्या आसपास! म्हणजे उकिरड्यात कुजणाऱ्या शेणखताचा ढीग देतो साधारण तेवढीच. किलोला किलो तुलना केली, तर तुमच्या-माझ्या शरीरात सूर्यापेक्षा हजारो पट जास्त उष्णता तयार होते. सूर्याचा जोर वेगात नाही, आकारात आहे.

शिवाय त्याला स्वतःचा लगामही आहे. संमीलन जरा वाढलं की गाभा तापून फुगतो, फुगला की थंड होतो, आणि संमीलन पुन्हा मंदावतं. गुरुत्वाकर्षण आत ओढतं, दाब बाहेर ढकलतो. या दोघांच्या तोलामुळेच पृथ्वीवर जीवसृष्टीला वेळ मिळाला.

हे कशावरून?

हाही प्रश्न त्याच मुलीचा! गाभ्यात कुणी गेलेलं नाही. पण संमीलनात न्यूट्रिनो नावाचे कण तयार होतात. ते कशालाच फारसे अडत नाहीत, गाभ्यातून निघून आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात. आत्ता हे वाचताना तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सहा हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो आरपार जात आहेत. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या एका खोल खाणीत टाकी ठेवून ते पकडले. त्यांना २००२ साली नोबेल मिळालं. न्यूट्रिनो म्हणजे गाभ्यातून आलेलं ताजं पत्रच. प्रकाश मात्र जुनी गोष्ट सांगतो. आज अंगणात पडलेल्या उन्हाची ऊर्जा गाभ्यात तयार झाली ती हजारो वर्षांपूर्वी.

वर्गात करून पाहा

सूर्याकडे थेट कधीही बघू देऊ नका. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, ऊन त्यातून जाऊ द्या आणि दोन मीटरवर पांढरा कागद उन्हाच्या दिशेला समोरासमोर धरा. सुमारे १८-१९ मिलिमीटरचा गोल कवडसा पडेल. तो उजेडाचा नुसता ठिपका नाही, सूर्याचं चित्र आहे. अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट भरतं. आता १५ कोटी किलोमीटरला १०८ ने भागायला सांगा. सूर्याचा व्यास मुलं स्वतःच काढतील.

आता मी वर्गात "जळता गोळा" म्हणत नाही. "तापलेल्या वायूचा गोळा" म्हणतो. एका शब्दाचा फरक आहे, पण त्या शब्दानेच मुलीला अडवलं होतं. तुमच्या वर्गातही असा प्रश्न आला, तर "उद्या सांगतो" म्हणायला लाजू नका. फक्त उद्या नक्की सांगा.