स्मृतिभ्रंशाचा शोध (लेखांक ५) : मोजणाऱ्यांचे काम

भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख रुग्ण, हा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज ‘लासी-डॅड’ या पाहणीवर आधारलेला असून, तिच्यातील ४,०९६ वृद्ध हे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘लासी’ या मोठ्या वार्धक्य-पाहणीतून निवडलेले होते. निष्कर्षांखाली नावे संशोधकांची येतात. मोजणीचा बराचसा भार मात्र संशोधन सहायकांवर असतो.

प्रयोगशाळेत हे काम रक्ताच्या नळीपासून सुरू होते. रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या, जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवले, की पेशी तळाशी बसून वर पिवळसर रक्तद्रव उरतो, आणि स्मृतिभ्रंशाशी निगडित अ‍ॅमिलॉइड बीटा व टाऊ ही प्रथिने त्यातच मोजली जातात. त्यांचे प्रमाण मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागात, सांगावे लागते. त्यामुळे क्षुल्लक वाटणारी हयगयही येथे महाग पडते. अ‍ॅमिलॉइड बीटा काचेला चिकटत असल्यामुळे नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्या लागतात. रक्त खोलीच्या तापमानाला पडून राहिले तर त्यातील या प्रथिनाचे प्रमाण घटत जाते. आणि नमुना वारंवार वितळवून पुन्हा गोठवला तर आकडा बिघडतो, म्हणून रक्तद्रवाचे लहान भाग करून ते उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात. नळीवर नाव नसते, फक्त क्रमांक असतो, जेणेकरून कोणता नमुना रुग्णाचा हे मोजणाऱ्याला कळू नये. मूत्रपिंडाचा जुना विकार असला तरी रक्तातील टाऊ वाढलेले दिसते. तेव्हा सोबतची आरोग्यनोंद अपुरी असेल, तर अचूक मोजलेला आकडाही दिशाभूल करतो.

याहून अवघड काम घराच्या ओटीवर असते. ‘वाक्य लिहा’ ही पाश्चात्त्य चाचणीतील सूचना निरक्षर व्यक्तीला लागू करणे निरर्थक असल्यामुळे, हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण वृद्धांसाठी तयार झालेल्या हिंदी चाचणीत घराविषयी एखादे वाक्य बोलावयास सांगतात. बोधनक्षमता, म्हणजे आठवण्याची, ओळखण्याची व विचार करण्याची शक्ती, शिक्षणापासून वेगळी काढण्याचा हा प्रयत्न आहे. त्याच्या जोडीला माहीतगाराची, म्हणजे वृद्धाला नित्य पाहणाऱ्या व्यक्तीची, मुलाखत घेतात. कारण पूर्वी जमणारे कोणते व्यवहार आता जमत नाहीत, हे रक्त सांगू शकत नाही. रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यात अशी पाहणी करावयाची झाल्यास खरी अडचण येथेच येईल: मुंबईत नोकरीला असलेला मुलगा गणपतीला आणि शिमग्याला चार दिवस येतो, त्याला आई ठणठणीत वाटते, आणि भाताचा हिशेब तिला जमेनासा झाल्याचे शेजारणीला मात्र ठाऊक असते. अशा वेळी नात्याने जवळचा कोण यापेक्षा रोज पाहणारा कोण, हे सहायकाने विचारले पाहिजे. छापील प्रश्नावली त्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून असा सहायक दारी आला, तर घरातील वृद्धांसोबत रोज राहणाऱ्या व्यक्तीलाच पुढे बसवावे आणि ‘वयामुळे होतेच’ असे म्हणून काही वगळू नये.