भोपाळचा रिपोर्ट

महाराष्ट्रात कुठे पोल्ट्रीत मर लागली किंवा झाडाखाली कावळे पटापट पडू लागले, की पशुधन विकास अधिकाऱ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे एकच विचारतात : भोपाळचा रिपोर्ट आला का? तो येईपर्यंत वर्तमानपत्रात ‘संशयित’ हा शब्द असतो. आला की जेसीबी खड्डा खणायला निघतो.

भोपाळ म्हटलं की बहुतेकांना डिसेंबर १९८४ची वायुगळतीची ती रात्र आठवते. रस्त्यावर माणसांच्या जोडीनं गुरांचीही कलेवरं पडली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पशुवैद्यकांच्या लेखी भोपाळचा आणखी एक अर्थ आहे. शहराच्या आनंदनगर भागात राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. आधी ती बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची शाखा होती. २०१४मध्ये स्वतंत्र झाली. परदेशी किंवा नव्यानं देशात शिरलेल्या रोगांचे नमुने इथे तपासले जातात. आतल्या खोल्यांमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. बाहेर सोडायची हवा बारीक गाळण्यांतून जाते, सांडपाणी उकळूनच सोडलं जातं आणि माणूस आंघोळ करूनच बाहेर पडतो.

महाराष्ट्राला ही संस्था खऱ्या अर्थानं कळली ती २००६च्या फेब्रुवारीत, नवापूरमुळे. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावात कोंबड्या मरत होत्या आणि पोल्ट्रीवाले त्याला राणीखेत म्हणत होते. त्यांना हसण्यात अर्थ नाही. मान टाकलेली कोंबडी, निळाकाळा पडलेला तुरा, आत जठराशी रक्ताचे ठिपके : नुसत्या डोळ्यांनी राणीखेत आणि बर्ड फ्लू वेगळे करणं कसलेल्या विकृतिशास्त्रज्ञालाही अवघड जातं. म्हणून नमुना गर्भ असलेल्या अंड्यांत टोचून विषाणू वाढवायचा, त्याची जनुकं तपासायची. १८ फेब्रुवारीला भोपाळचं उत्तर जाहीर झालं : एच-५-एन-१. भारतातल्या कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदाच सापडला होता. पुढे लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. नंतर ओडिशात २०१९मध्ये आलेला लम्पी आणि आसाममध्ये २०२०मध्ये डुकरांना झालेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर, दोन्हींवर शिक्कामोर्तब भोपाळनंच केलं.

डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. कारण तेच, एच-५-एन-१, आणि रिपोर्ट भोपाळचाच. वाघाला पक्ष्यांचा रोग होतो, याचं अनेकांना नवल वाटलं. थायलंडमधल्या श्रीराचा व्याघ्रोद्यानात २००४मध्ये कच्च्या कोंबड्या खाऊन १४०हून अधिक वाघ मेले किंवा मारावे लागले होते. वीस वर्षं ही गोष्ट जाहीर असताना पिंजऱ्यातल्या वाघापुढे काय टाकायचं, यावर नवल करण्याची वेळ यायला नको होती.

एवढ्या मोठ्या मरीची बातमी होते. वासरू विचित्र जन्मलं तर फोटो होतो. दोन तोंडांचं पाडस, पाच पायांची कालवड; हळदकुंकू वाहतात, पैसे ठेवतात. खरं सांगायचं तर विकृतिशास्त्रज्ञाला अशा दोन डोक्यांत फारसा रस नसतो. एका गर्भाची दोनात फाळणी अर्धवट राहिली, एवढंच त्याचं बहुतेकदा उत्तर. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड दिसायला अगदी नीट असते, पण दहापैकी नऊंहून अधिक वेळा वांझ निघते, कारण पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. तिचा फोटो कुणी काढत नाही.

विकृतिशास्त्रज्ञाला रस असतो तो पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या विकृतीत. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मत. शोध एका रानवनस्पतीपाशी येऊन थांबला. मेंढीनं ती गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवशी खाल्ली, तर कोकराला एकच डोळा. त्या वनस्पतीतल्या द्रव्यावरून पुढे त्वचेच्या कर्करोगाच्या औषधाची वाट निघाली. जपानमध्ये १९७२ ते १९७५ या काळात गाभ टाकणं आणि सांधे आखडलेली, मेंदूच्या जागी पाणी भरलेली वासरं यांची संख्या चाळीस हजारांवर गेली. तो अकाबाने विषाणूचा प्रताप. तो पसरवणारी चिलटं चावतात उन्हाळ्यात, गाय आजारी दिसतही नाही. वासरं जन्मतात कित्येक महिन्यांनी, तेव्हा चिलटं कुठली?

आपल्याकडच्या गोठ्याला जवळचा विषाणू म्हणजे बीव्हीडी, गुरांच्या हगवणीचा. भारतातल्या गुरांमधल्या या विषाणूच्या जातकुळीवर भोपाळच्याच शास्त्रज्ञांनी मोठं काम केलं आहे. गाय पाचव्या महिन्याच्या आसपास गाभण असताना लागण झाली, तर वासराचा लहान मेंदू खुरटतो. ते उभं राहू शकत नाही, मान थरथरते. लागण त्याआधी झाली, तर आणखी वाईट. तेव्हा गर्भाची प्रतिकारशक्ती घडायची असते. ती विषाणूला घरातलाच सदस्य समजते. असं वासरू अनेकदा धडधाकट जन्मतं आणि मरेपर्यंत नाकातून, शेणातून विषाणू सांडत राहतं. गोठ्यातल्या बाकीच्या गायी उलटत राहतात, गाभ टाकतात आणि मालक कृत्रिम रेतन करणाऱ्याला शिव्या देतो.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कनं अशी जनावरं हुडकून कळपातून काढून टाकली आणि रोग संपवला. आपल्याकडे हे जमणार नाही. गोवंशाची कत्तल कायद्यानं बंद आहे, आणि दूध देणारी, वरून ठणठणीत गाय कोण कशासाठी वेगळी बांधेल? त्यामुळे निदान रेतन केंद्रावरच्या वळूंची तपासणी होते, तीच मोठी भिंत. ती चांगली आहे, पण शेजाऱ्याच्या वळूला आणि बाजारातून आणलेल्या गाभण गाईला ती लागू नाही.

बिघडलेलं वासरू मात्र प्रयोगशाळेपर्यंत पोचतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. रात्री अडलेली गाय सोडवताना डॉक्टरचे हात खांद्यापर्यंत भरलेले. गाय वाचली याचंच समाधान. वासरू अपशकुनी म्हणून पहाटेच पुरलं जातं. खरं तर मेलेलं असेल तर मेंदू हवा, जिवंत असेल तर रक्त हवं, तेही चीक पाजण्याआधी. गाईची वार आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वासरापर्यंत जाऊ देत नाही. म्हणून चीक पिण्याआधीच वासराच्या रक्तात ती सापडली, तर विषाणूशी त्याची गाठ पोटातच पडली होती. पण चीक पहिल्या काही तासांत पोटात जायलाच हवा. तेव्हा तेवढ्यात सुई, नळी आणि बर्फाचा डबा घेऊन कुणी गोठ्यावर हजर असेल, तरच ते रक्त मिळतं.