उभ्याचे काम आणि योगासने

मी योगशास्त्री नव्हे. उभा जन्म कामगारांच्या संघटनेत गेला, तेव्हा आसनांकडेही मी कारखान्याच्या फाटकावरूनच पाहणार, हे श्रोत्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

कंबर धरली म्हणून गावातल्या योगवर्गात गेलो. सतरंज्या घातलेली साधी खोली. पायाची बोटे हाती येईनात, तेव्हा शिक्षिकाबाई म्हणाल्या, "गुडघे वाकवा, घाई कोणाला आहे?" शेजारी यंत्रमागावरचा एक गडी होता. त्याला त्यांनी भिंतीला पाय टेकवून उताणे निजविले. यात जादू नाही. पायांतले रक्त वर चढते ते मुख्यतः पोटऱ्यांचे स्नायू आवळतात म्हणून. शिरांतल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. माणूस पाळीभर एका जागी उभा राहिला की हा पंप मंदावतो आणि पाय सुजतात. पाय वर केले की रक्त आपल्या भारानेच माघारी येते.

असे पारखून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. नौलीत आतड्यातला दाब किती उतरतो, हे त्यांनी यंत्र लावून मोजले.

परंतु भिंतीला पाय लावणे हा उतारा झाला. दुखण्याचे मूळ बारा तासांच्या पाळीत आहे. उभ्याने काम करणाऱ्यास बसण्याची सोय द्यावी, असे १९४८च्या कारखाने कायद्यातच लिहिले होते. शेजारच्या गड्याने पडल्यापडल्याच विचारले, "अण्णा, आपल्या स्टुलांचं काय झालं?"

बाई म्हणाल्या, "बोलू नका, श्वास सोडा." त्या दिवशी मी सुटलो.