जुन्या मोटारीला चार डिस्क ब्रेक : खरा प्रश्न मागच्या चाकांचा
आदिलाबादहून निर्मलकडे जाताना महबूब घाटाच्या उतारावर ड्रम ब्रेकची मर्यादा ध्यानात येते. सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापून प्रसरण पावतो आणि पकड सैलावते. उघडी डिस्क लवकर थंड होते. म्हणून जुन्या ॲम्बॅसिडर, पद्मिनीचे हौशी मालक चारही चाकांना डिस्क बसवू पाहतात.

मात्र डिस्क व कॅलिपर बसवून भागत नाही. ड्रममधील एक शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक आवळला जातो. डिस्कला ती मदत नसते. म्हणून व्हॅक्यूम बूस्टर आणि योग्य मापाचा मास्टर सिलिंडर लागतो. ड्रमसाठी नळीत दाब राखून ठेवणारा जुना व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर पॅड डिस्कला घासतच राहतात.

ब्रेक लागताच भार पुढे सरकतो. हलकी झालेली मागची चाके आधी अडकली, तर गाडी गर्रकन फिरते. त्यामुळे मागचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवाच; हँडब्रेकची सोयही मागच्या कॅलिपरमध्ये हवी, जी हमखास विसरली जाते. खरे तर आजच्या अनेक छोट्या मोटारींतही पुढे डिस्क, मागे ड्रम हीच जोडी असते, आणि जुन्या गाडीला ती बहुधा पुरते.

ब्रेक ऑइल मात्र बदलावेच. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. हवेतील पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो.